काळीचं पाचवं पिल्लू

दिवाळीनंतर इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठीक आहे, गुडघे आपल्या जागी कुरकुरताहेत. लिहायचं मनात होतं, पण जे लिहायचं होतं तेच घशाशी अडकून बसलं होतं. आज लिहून टाकते. घरच्या मंडळींनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या गल्लीतली काळी तुम्हाला माहीत आहे. मागे तिच्यावर एकदा लिहिलं होतं. सकाळी भाकरीचा तुकडा आणि दुपारी जिन्याखाली झोप एवढाच तिचा आमच्या घरावर हक्क. ही काळी 2025 च्या भाऊबीजेनंतर आठवड्याभराने आमच्या जिन्याखाली व्याली. पाच पिल्लं. चार चांगली गुटगुटीत. पाचवं मात्र सारखं चिरकत होतं. आचळाला लागायचं, चुटुचुटु ओढायचं आणि लगेच नाकातून दूध बाहेर. आधी वाटलं, घाईने पितंय म्हणून ठसका लागतो. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्याचं तोंड हळूच उघडून बघितलं. टाळूच्या मधोमध उभी फट. ओठ अगदी नीट, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं.

समोरच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "सात सप्टेंबरचं ग्रहण भोवलं हो बिचारीला. गाभण होती ना तेव्हा!"

मी म्हटलं, "काळीने काय विळी घेतली होती हातात?" त्या हसल्या, मीही हसले. हसता हसताच पोटात काहीतरी गपकन खाली गेलं. कारण मला माई आठवली.

माई म्हणजे माझी थोरली जाऊ. 16 फेब्रुवारी 1980. शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते. त्या दुपारचं सूर्यग्रहण कारवार, हुबळीकडे खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास. तरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या बंद. माईला सहावा महिना सरत आलेला. सासूबाईंनी तिला माजघरात बसवून ठेवलं होतं, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही. तिचा थोरला तेव्हा तीन वर्षांचा, भुकेने रडायला लागला. सासूबाईंचा जप चालू. माईने गुपचूप उठून विळीवर एक पेरू चिरला आणि त्याच्या हातात दिला. मी बघितलं. रात्री भांडी आवरताना मी सहज, अगदी गंमत म्हणून ते सासूबाईंना सांगितलं.

मे महिन्यात माईला मुलगा झाला. वरचा ओठ दुभंगलेला आणि टाळूही.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाळाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पेरू चिरलास ना ग्रहणात." झालं. ते वाक्य घरात राहायला आलं ते गेलंच नाही. मिरजेला पोराच्या शस्त्रक्रिया झाल्या, तो बोलायला लागला, शिकला, नोकरीला लागला. पण पुढच्या प्रत्येक ग्रहणाला माई हात मांडीवर ठेवून खोलीत बसायची. मूल व्हायचं वय केव्हाच उलटलं होतं, तरीही. 24 ऑक्टोबर 1995 च्या ग्रहणाला दिवाळीची सुट्टी असूनही मी गल्लीतली पोरं गोळा केली आणि पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर सूर्याची कोर दाखवली. "घाबरायचं नाही, ही नुसती सावली आहे," असं मोठ्याने सांगत होते. आणि आतल्या खोलीत माई तशीच बसलेली. मी तिला जाऊन काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? चुगली तर माझीच होती.

असो. पिल्लाकडे येते.

टोपलीत फडकं घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. हा डॉक्टर माझा जुना विद्यार्थी, अजून मला "बाई" म्हणतो. त्याने नाकात दूध जाऊ नये म्हणून बारीक नळीने ते थेट पोटात कसं सोडायचं ते दाखवलं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणाला, "बाई, टाळू शिवता येते, पण पिल्लू काही महिन्यांचं व्हावं लागतं. तोवर दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. जगेलच असं सांगत नाही."

मी विचारलं, "असं होतं कशाने?"

त्याने खुर्ची ओढली. म्हणाला, कारण बहुतेक वेळा एकच नसतं. पहिलं रक्तातलं. बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत ही फट जास्त दिसते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या एका रिट्रीव्हर जातीत तर त्यामागचा जनुकातला दोषही सापडला आहे. माणूस हौसेने एकाच घराण्यात जोड्या लावतो तेव्हा लपलेले दोष दोन्हीकडून येऊन भेटतात. मर्ल म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या रंगाची दोन कुत्री एकत्र केली तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निपजतात. गल्लीतल्या कुत्र्यांचं तरी काय, चार गल्ल्यांत सगळी एकमेकांची भावंडं.

दुसरं पोटातलं. आईला फॉलिक ॲसिड कमी पडणं, जीवनसत्त्व अ फाजील होणं. काही जातींत फॉलिक ॲसिड दिल्यावर टाळूचा दोष कमी झाल्याचं दिसलं आहे. तिसरं म्हणजे रोग आणि औषधं. म्हणून गाभण कुत्रीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत, नायट्यावरचं ग्रिझोफल्व्हिन देत नाहीत, स्टेरॉइड तर शक्य तो नाहीच.

"आणि बाई, सगळ्यात महत्त्वाची वेळ. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. पिल्लाची टाळू दोन बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळते ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तेव्हा जुळायची राहिली तर राहिलीच. एकदा जुळल्यावर मग काही केलं तरी उसवत नाही."

"आणि माणसाचं?" मी विचारलं.

"तिथेही तसंच. ओठ सातव्या आठवड्यापर्यंत, टाळू तिसरा महिना संपेपर्यंत."

घरी येऊन मी कॅलेंडर काढलं. पिल्लं 30 ऑक्टोबरची. त्रेसष्ट दिवस मागे गेलं की 28 ऑगस्ट, म्हणजे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाद्रपद, कुत्र्यांचा महिना. सात सप्टेंबरच्या ग्रहणाला जेमतेम दहा दिवस झालेले. तेव्हा पिल्लांना तोंडच नव्हतं, टाळू कुठली! काकूंचं ग्रहण निकालात निघालं.

मग तोच हिशोब माईचा केला. सहावा महिना सरत आला होता. म्हणजे पेरू चिरला त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर उजाडण्यापूर्वीच, बाळाचा ओठ आणि टाळू जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ग्रहण बाजूला ठेवा, त्या दुपारी जगात काहीही घडलं असतं तरी त्याचा त्या ओठाशी संबंध नव्हता. बोटांवर मोजण्याइतका सोपा हिशोब. पंचेचाळीस वर्षं मी तो केला नाही. आणि माई 2011 साली गेली.

हे सगळं एवढ्यावरच थांबलं असतं तर मी माईची बाजू मांडली म्हणून समाधानाने झोपले असते. पण कॅलेंडर समोर उघडंच होतं. चौथा-पाचवा आठवडा कुठे येतो ते बघितलं. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. 22 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर. आणि नेमकं त्याच नवरात्रात काळीला खाज सुटली होती, पाठीवरचे केस जात होते, म्हणून मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. आठ दिवस, रोज अर्धी, भाकरीत घालून. ती गाभण आहे हे तेव्हा दिसत नव्हतं. पाकीट अजून ड्रॉवरमध्ये होतं. मी ते घेऊन डॉक्टरकडे गेले. त्याने नाव वाचलं.

"स्टेरॉइड आहे, बाई."

"मग मीच केलं का हे?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शक्यता आहे. खात्री नाही. चौघांना काही झालं नाही, एकालाच झालं. रक्तातलंही असेल, दोन्ही मिळूनही असेल. एका पिल्लावरून कुणीच सांगू शकणार नाही." त्याने "नाही हो बाई" म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. तो म्हणाला नाही, म्हणून त्याचा अभिमानही वाटला.

पिल्लू नऊ दिवस जगलं. रात्री गजर लावून नळीने दूध देत होते. आठव्या दिवशी श्वास घुरघुरायला लागला. नवव्या दिवशी पहाटे माझ्या ओंजळीतच गेलं. अंगणात जास्वंदीखाली पुरलं.

नंतर बरेच दिवस विचार करत होते. माईला दोष दिला तेव्हा कुणी तारखा मोजल्या नाहीत. दोष आधी ठरला, कारण मागाहून चिकटवलं. माझ्या बाबतीत तारखा मोजल्यावर शक्यता उरली, आणि ती मला ठेवून घ्यावी लागेल. पण तीही शक्यताच आहे, शिक्षा नव्हे. मला निदान "खात्री नाही" एवढं तरी सांगायला कुणी होतं. माईला तेवढंही मिळालं नाही, आणि ते देऊ शकणारी, बी.ए. झालेली बाई तिच्याच स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

डिसेंबरात नाशिकला पुतण्याला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, पेरू, चुगली, हिशोब. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकू, हे आईला सांगायला हवं होतंस गं." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, "लिही ब्लॉगवर. माझी हरकत नाही. घरातले सगळे वाचू देत."

म्हणून हे लिहिलं. काळीची चारही पिल्लं बरी आहेत. दोन चांगल्या घरी गेली, दोन अजून माझ्या चपला पळवतात. काळीचं ऑपरेशन करून घेतलं. मेडिकलमधून विचारल्याशिवाय गोळी आणायची नाही, जनावराला तर नाहीच, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय.

आणि घरच्यांनो, माईने काही केलं नव्हतं. भुकेल्या पोराला पेरू दिला होता, एवढंच.