मेळघाटातले ऑर्किड, अकोल्याची ओसरी

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि अधूनमधून संत्र्याच्या बागा लागतात. आसेगावला पूर्णा ओलांडली की उत्तरेकडे गाविलगडाच्या डोंगरांची निळी रेघ स्पष्ट होऊ लागते. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांना हा रस्ता मुक्तागिरीमुळे पाठ आहे. खरपीवरून तिकडे वळण्याऐवजी धामणगाव गढीमार्गे मोथ्याचा घाट चढला, की माणूस चिखलदऱ्याला पोहोचतो. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे ठिकाण. अकोल्यात पारा ४५ अंशांवर असतो त्या दिवसांत येथे रात्री पांघरूण लागते. येणारे लोक भीमकुंड पाहतात, देवी पॉइंटवर छायाचित्रे काढतात, गाविलगडाची तटबंदी चढतात, येथे पिकणाऱ्या कॉफीची पुडी घेतात आणि परततात. वाटेवरच्या झाडांच्या खोडांकडे मान वर करून पाहणारे मात्र थोडे.

मृगाच्या आगेमागे तसे पाहिले, तर आंबा, मोह, ऐन यांच्या खोडांना चिकटलेले जाड, पट्ट्यासारख्या पानांचे झुबके दिसतात. पाने मधोमध दुमडलेली, टोकाला कुरतडल्यासारखी खाच असलेली. खाली पांढुरकी, बोटभर जाडीची वाटावीत अशी मुळे लोंबत असतात. फूल दीड-दोन इंचांचे. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या आणि पुढे आलेला निळसर जांभळा ओठ. वास मंद आणि गोड. हे व्हँडा टेसेलाटा नावाचे ऑर्किड. ‘टेसेलाटा’ म्हणजे चौकटीचौकटींची फरशी बसवल्यासारखे. आयुर्वेदात ‘रास्ना’ या नावाखाली ज्या निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यांपैकी ही एक.

‘व्हँडा’ हा शब्द आज जगभरच्या रोपवाटिकांत ऐकू येतो, पण तो मूळचा आपल्याच संस्कृतातील आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी हिंदुस्थानातील निवडक वनस्पतींवर केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत हे नाव आले. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी त्याला शास्त्रीय प्रजातीचा दर्जा दिला. गंमत अशी, की आपल्याकडे ‘वंदा’, ‘बांदा’ हे शब्द झाडावर उगवणाऱ्या सगळ्याच वनस्पतींना सरसकट लावले गेले आणि त्यामुळे ऑर्किड व बांडगूळ यांची बदनामी एकत्रच झाली. वास्तविक दोघांत मोठे अंतर आहे. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या सालीआड घुसवून त्याचा रस ओढते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ती दुसऱ्याच्या खात्यातून केलेली उचल आहे. ऑर्किड झाडाचा केवळ आधार घेते. त्याची मुळे सालीवर पसरतात, सालीत शिरत नाहीत. मुळांवर मृत पेशींचे पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस, दव आणि सालीवरून ओघळणारे पाणी ते क्षणात टिपते आणि ओले होताच हिरवट दिसू लागते. झाडावर साचलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला पाचोळा यांतून जे थोडेफार विरघळून येते, त्यावर त्याचे पोषण होते.

परतवाड्याच्या शाखेत असताना सुटीच्या दिवशी मी अनेकदा डोंगरावर जात असे. एका पावसाळ्यात एक कोरकू वाटाड्या सोबत होता. रात्रीच्या वाऱ्याने मोहाची एक फांदी मोडून वाटेत पडली होती आणि तिच्यावर व्हँडाचे एक मोठे झुडूप होते. मला वाटले, तो फांदी बाजूला सारेल आणि पुढे चालू लागेल. त्याने झुडूप हळूच सोडवले, मोडलेली मुळे विळ्याने कापली आणि जवळच्या ऐनाच्या खोडावर, छातीपेक्षा थोड्या उंचीवर, ते टेकवून धरले. मुळे सालीच्या भेगांना भिडलेली, पाने बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेली. मग पळसाच्या मुळ्यांच्या वाखाने दोन ठिकाणी आवळून बांधले, शेंड्याला मात्र दोर लागू दिला नाही. खाली थोडी माती किंवा शेण लावायचे नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, “माती लावली तं सडते साहेब. त्याले वारा पायजे.”

ऑर्किड घरी टांगण्याविषयी पुढे मी जी पुस्तके वाचली, त्यांतील निम्मा मजकूर या दोन वाक्यांत आला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण आपली मंडळी सहलीहून काहीतरी घेऊन येण्यात हौशी असतात. रस्त्याच्या कडेला पोत्यात भरून आणलेली अशी रोपे कधीकधी स्वस्तात मिळतात. ती घेऊ नयेत. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढून नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय सर्व ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या कराराखाली येतात. कायदा बाजूला ठेवला, तरी हिशेब वाईटच ठरतो. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारखे लाखो बी असते. त्या बियात अन्नाचा साठा नसतो. योग्य ती बुरशी भेटली तरच ते रुजते आणि फुलावर यायला कित्येक वर्षे घेते. पोत्यातले एकेक झुडूप म्हणजे त्या लाखांतून वाचलेला एक जीव.

या व्यापाराची जुनी नोंदही आहे. जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० मध्ये खासी टेकड्यांत होते. तेथील निळ्या व्हँडाची सात माणसांच्या डोक्यावरची ओझी भरतील इतकी रोपे त्यांनी इंग्लंडमधील क्यू उद्यानासाठी गोळा केली, आणि त्यांतील फारच थोडी जिवंत पोहोचली. त्याच सुमारास आणखी एका गृहस्थाने आपल्या माळ्याकरवी नेलेले एक ओझे मात्र फार वाईट अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. हे हूकर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. व्यापारी वाचकाला दुसरा आकडा प्रथम दिसेल. पण पहिला वाचल्याशिवाय हा ताळेबंद पुरा होत नाही.

अकोल्याच्या कापड बाजारातील माझ्या एका परिचितांनी असेच डझनभर झुबके आणले होते. हौस मोठी, कुंड्याही चांगल्या. त्यांत काळी माती आणि शेणखत भरून रोपे लावली आणि रोज बोअरचे पाणी घातले. पोळ्यापर्यंत निम्मी सडली, होळीपर्यंत उरलेली वाळली. दोष केवळ मातीचा नव्हता, पाण्याचाही होता.

आसेगावला जी पूर्णा आपण ओलांडतो, तीच पुढे अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून तापीकडे जाते, आणि तिच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अकोल्याच्या उत्तरेकडील गावे, सगळीकडे भूजल खारट. ऑर्किडला हे पाणी सोसत नाही. मुळांच्या टोकांवर पांढरी पापडी धरते, टोके काळी पडतात आणि पाणी असून रोप तहानेने मरते. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे, ती उत्तमच. परंतु गाळण्याने विरघळलेले क्षार जात नाहीत. दुसरा धोका काटकसरीतून येतो. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून गृहिणी ते बादलीत धरून झाडांना घालतात. ते मूळ पाण्यापेक्षाही खारट असते. त्याने फरशी पुसावी, ऑर्किडला देऊ नये. महान धरणाचे नळाचे पाणी चालते. पावसाचे सर्वांत चांगले. पहिल्या दोन-तीन पावसांनी गच्ची धुऊन जाऊ द्यावी, मग झाकणाच्या टाकीत पाणी धरावे. पाच-सहा रोपांना लागते तरी किती? टाकी घट्ट झाकलेली असावी, म्हणजे डासांची उत्पत्ती होत नाही आणि पुढची हिंसाही टळते.

रोप बांधण्यासाठी हातभर लांबीचा, खरखरीत सालीचा ओंडका घ्यावा. आंब्याचा किंवा सागाचा सहज मिळतो. वखारीत तुकडे पडलेलेच असतात. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल सुटून पडते, त्यामुळे ती निरुपयोगी. मुळे आणि लाकूड यांच्यामध्ये नारळाच्या सोडणाचा पातळ थर द्यावा, कारण आपल्याकडची हवा चिखलदऱ्यासारखी दमट नाही. थर जाड झाला की पावसाळ्यात सडण्याचा धोका. बांधायला जुन्या सुती धोतराची अथवा साडीची पट्टी सर्वांत उत्तम. ती मुळांना कापत नाही, आणि कुजून गळेपर्यंत, म्हणजे वर्षा-दीड वर्षात, नवी मुळे लाकूड धरतात. तांब्याची तार कधीही वापरू नये. तांबे या मुळांना विषासारखे आहे. रोप हलता कामा नये, ही मुख्य अट. वाऱ्याने डुगडुगणाऱ्या रोपाचे नवे मूळ लाकडाला लागते न लागते तोच घासून निघते. शेंडा बाहेर झुकलेला ठेवावा, म्हणजे पाणी पानांच्या बेचक्यात साचत नाही. ऐनाच्या खोडावर त्या वाटाड्याने नेमके हेच केले होते.

ओंडका नको असेल तर सागाच्या पट्ट्यांची टोपली घ्यावी. तीत फुटक्या कवेलूचे आणि कोळशाचे चार मोठे तुकडे टाकले की पुरे. व्हँडाला तेही नसले तरी चालते. रिकाम्या टोपलीतून त्याची मुळे दोन-दोन हात खाली लोंबतात आणि बघणाऱ्याला वाटते, यजमान माती घालायला विसरले.

टांगायची जागा पूर्वेची ओसरी. सकाळी नऊपर्यंतचे ऊन मिळावे, पुढे सावली. पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्यात पाने भाजतात. तेथे टांगायचेच असेल तर हिरवी शेडनेट दुहेरी करावी. अंगणात कडुनिंब असेल तर दुसरे काही शोधू नये. त्याची साल भेगाळ असते, आणि फाल्गुनात पानगळ झाली तरी ऊन तापण्याआधी तो नव्या पालवीने भरून येतो. साग मात्र ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो.

उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे. सकाळी ओंडका बादलीत दहा मिनिटे बुडवावा, मुळे हिरवी दिसली की पोट भरले असे समजावे. सायंकाळी नुसता फवारा. व्हँडासारखी ऑर्किडे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री हवा आत घेतात, म्हणून रात्रीचा ओलावा त्यांना लाभतो. कूलरच्या वाऱ्याच्या थेट झोतात रोप ठेवू नये, बाजूला ठेवावे. आमच्या घरी कूलरच्या खोलीच्या दारात टांगलेले रोप मे महिना इतरांपेक्षा सुखाने काढते. पावसाळ्यात झड लागली की पाणी बंद. डिसेंबरच्या थंडीत चार दिवसांनी एकदा, तेही ऊन वर आल्यावर.

खताबद्दल आपल्या घरांत प्रश्न येतो, कारण ऑर्किडसाठी म्हणून मिळणाऱ्या काही खतांत मासळीचा अर्क किंवा हाडांचा चुरा असतो. डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा. संत्रेवाले फवारतात ते १९:१९:१९ हे विद्राव्य खत कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, एवढे पुष्कळ झाले. पानांवर खवले कीड दिसली तर औषध मारण्याची घाई न करता ओल्या मऊ फडक्याने पाने पुसावीत. सुरुवातीलाच लक्ष दिले तर बहुधा तेवढ्याने भागते.

रोपे कोठून घ्यावीत, हे उरले. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी ऑर्किडचे बी बुरशीशिवाय, साखरमिश्रित अगरवर रुजवून दाखवले. पुढे ऊतिसंवर्धन आले, आणि एकेकाळी श्रीमंतांनाच परवडणारे हे फूल बाटल्यांत वाढू लागले. पुण्याकडच्या हरितगृहांतील रोपे आज आपल्याकडच्या रोपवाटिकांतही येतात. प्रयोगशाळेत वाढलेले रोप मागावे. त्याची मुळे सारखी, स्वच्छ असतात आणि पाने एकसारख्या वाढीची. जंगलातून ओरबाडलेल्या रोपाच्या मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले असतात आणि पानांवर जुने डाग असतात. पहिल्यांदा डेंड्रोबियमचा संकर घ्यावा, तो चुका सोसतो. फॅलेनॉप्सिस दुकानात सर्वांत देखणे दिसते, पण अकोल्याच्या मे महिन्यात ते कूलरच्या खोलीतच तगते. व्हँडाचे संकर महाग, तरी ज्यांच्या वंशात टेसेलाटा आहे ते आपल्या उन्हाला चांगले टिकतात आणि वासही तिचाच घेऊन येतात.

मूळची टेसेलाटा पाहायची असेल तर चातुर्मासापूर्वीच निघावे, ज्येष्ठ संपण्याच्या आत. मोथ्याच्या घाटात गाडी सावकाश न्यावी. जुन्या आंब्यांच्या पहिल्या बेचक्याच्या आसपास, ऊन तिरपे पडते त्या बाजूला पाहावे. दुर्बीण असेल तर पाकळ्यांवरच्या चौकड्या खालूनही मोजता येतात.