चिरुटाची शिकवणी

तंबाखूच्या घराण्यात आपल्याकडे उच्चनीचता फार. शेतावरच्या गड्याची विडी, कचेरीतल्या कारकुनाची सिगारेट, शास्त्रीबुवांची तपकीर, आजीबाईंची मशेरी, आणि तळहातावर चुन्याशी मळून दाढेखाली जाणारी ती सर्वांच्या समान मालकीची चिमूट. प्रत्येकीची पायरी ठरलेली. चिरूट मात्र या घराण्यात कायमचा परका. तो ओढावा गोऱ्या साहेबाने, निवृत्त कर्नलाने, नाहीतर हिंदी चित्रपटातल्या खलनायकाने! मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या ओठांत चिरूट म्हणजे धोतरावर चढवलेला टाय.

गंमत अशी की, हा परका वाटणारा पाहुणा मूळचा अगदी शेजारचा आहे. इंग्रजांचा ‘शेरूट’ काय किंवा आपला ‘चिरूट’ काय, दोघांचे आजोळ एकच. तमिळमधला ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीच्या चिरुटांचा एके काळी विलायतेत एवढा बोलबाला होता की, १८८७ साली कॉनन डॉइलच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स नुसती राख पाहून सांगतो, खुनी मनुष्य त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता.

ही सारी माहिती मला कोशात सापडली नाही. ती आमच्या चेंबूरच्या इमारतीच्या गच्चीवर मिळाली. आमच्या वरच्या मजल्यावर मामा राहतात. मूळचे तिरुच्चिरापल्लीचे, पण रेल्वेच्या हिशेबखात्यात पस्तीस वर्षे मुंबईत काढलेली. सारी इमारत त्यांना मामाच म्हणते. वर्षातून एकदा त्यांचे मेव्हणे तिकडून, उरैयूरहून, चिरुटांची एक जुडी पाठवीत. रोज संध्याकाळी साडेसहाला मामा पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीत बसत आणि एक चिरूट पेटवीत. एकच. साडेसातला खाली उतरत. त्यांच्यावरून घड्याळ लावावे!

उत्तरपत्रिका तपासून डोके शिणले की मीही गच्चीवर जाई. एकदा मी सहज म्हणालो, “मामा, यात एवढे आहे तरी काय?” मामांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, “प्रोफेसर, जेवलात काय?”

पहिला धडा तोच. उपाशी पोटी चिरुटाच्या वाटेला जायचे नाही. नवख्याला घेरी येते, मळमळते. मामींनी दहीभात वाढला, तो खाऊन मी पुन्हा वर गेलो. दुसरा धडा काडीचा. काडी पेटली की लगेच चिरुटाला लावायची नाही; आधी तिच्या टोकाचे गंधक जळून जाऊ द्यायचे, नाहीतर त्याची चव तंबाखूला लागते. मग ज्योत चिरुटाला न टेकवता जरा खाली धरायची आणि चिरूट बोटांत सावकाश फिरवायचा. कडा चहूकडून सारखी लाल झाली की मगच ओठांत. तोवर माझ्या दोन काड्या बोटापर्यंत आल्या होत्या.

तिसरा धडा सर्वांत अवघड. धूर आत घ्यायचा नाही. तोंडात धरायचा, जिभेवर फिरू द्यायचा आणि सोडून द्यायचा. यामागचे शास्त्र मी पुढे वाचले. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, म्हणून तो छातीत ओढल्याखेरीज त्यातले निकोटिन रक्तात नीट उतरत नाही. चिरुटाची पाने सावलीत वाळवून, ढीग रचून, त्यांच्या स्वतःच्याच उबेत महिनोनमहिने मुरवतात. त्यांचा धूर अल्कधर्मी होतो आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच आपले काम साधतो.

चौथा धडा, घाई करायची नाही. मिनिटाला एक झुरका, फार तर. भराभर ओढला की चिरूट तापतो, कडू होतो, जीभ भाजतो. आणि राख झटकायची नाही. बोटाच्या पेरभर राख टोकावर राहिली तर आतला विस्तव शांत जळतो. ती आपल्या वेळेला आपण होऊन पडते. मी दुसऱ्याच झुरक्यानंतर तिसऱ्याची तयारी केली, की मामा हात वर करीत. थांबा, असा त्याचा अर्थ.

पहिले चार-पाच चिरूट मला नुसते ओल्या गोणपाटासारखे लागले. सहाव्याला सुरुवातीला मिरीची झणझण कळली, मध्यावर काहीशी भाजक्या चण्याची चव आली, आणि शेवटाकडे पहिल्या पावसातल्या शेणमातीसारखा एक वास. तोच चिरूट, तीच पाने. पण अर्ध्या तासात तीन प्रकारचे बोलतो. हे त्याच्यात पहिल्यापासून होतेच. ऐकू यायला मला महिना लागला.

मराठीचा शिक्षक असल्यामुळे मला शब्दांचा चाळा आहे. आपण विडी ओढतो, सिगारेट फुंकतो. दोन्ही क्रियापदे झटापटीची. पण संस्कृताने या व्यवहाराला ‘धूम्रपान’ म्हटले आहे, म्हणजे धूर पिणे. हा शब्द मला आजवर सरकारी पाटीवरचा वाटे. चिरूट हाती आल्यावर पटले की, निदान त्याच्यापुरता तो अगदी नेमका आहे. घोट घोट घ्यायची ही वस्तू.

घरी अर्थातच हा शब्दच्छल चालला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी जुडीच्या वेष्टनावरचे ते भयंकर चित्र माझ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, “हेही जरा घोट घोट पाहा.” मुलीने शर्ट वेगळ्या बादलीत टाकायला सुरुवात केली. मी अकबराचा दाखला दिला. विजापूरहून असद बेग नावाचा सरदार तंबाखू घेऊन दरबारी आला, तेव्हा बादशहानेही कुतूहलाने काही झुरके घेतले होते. “आणि मग हकिमाने त्याला थांबवले, हे नाही का वाचलेत?” इति सौभाग्यवती. इतिहास त्यांचा विषय आहे, हे मी सांगायला विसरलो.

चिरुटाचा माझ्या धंद्याशी एक जवळचा संबंध आहे, तो मात्र मला वाचूनच समजला. क्यूबातल्या चिरुटांच्या कारखान्यांत शेकडो कामगार ओळीने बसून दिवसभर पाने वळतात. हात गुंतलेले, पण कान मोकळे. १८६५ साली हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांनी एक वाचक नेमला. त्याने उंच आसनावर बसावे आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. सकाळी वृत्तपत्रे, मग कादंबऱ्या. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून देत, आणि पुढचे पुस्तक कोणते तेही तेच ठरवीत. सरकारला याची इतकी धास्ती वाटली की, १८६६ मध्ये त्यावर बंदी आली. बंदी टिकली नाही, वाचक टिकले. ड्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी या मंडळींना एवढी प्रिय, की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाला तिचेच नाव मिळाले. क्यूबातून अमेरिकेतल्या टँपा शहरी गेलेल्या कामगारांनी ही चाल तिकडेही नेली होती. तिथे १९३१ साली मालकांनी वाचकांना काढून त्यांच्या जागी रेडिओ बसवले, तेव्हा कामगारांनी संप केला. पुस्तकासाठी संप! माझ्या वर्गातली मुले पुस्तकापासून सुटका व्हावी म्हणून करतील.

हे मी मामांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगली नोकरी आहे, प्रोफेसर. अर्ज करा.”

गेल्या वर्षी पावसाळ्यात मामा दाढ दाखवायला गेले. दंतवैद्यांना गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. धूर छातीत घेतला नाही म्हणजे फुप्फुसांवरचा बोजा काहीसा कमी होतो. तोंड, जीभ, घसा यांना मात्र ती सवलत नाही. कर्करोग तिथेही वाट पाहत असतो. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला दिला. दहा दिवस मामी देवासमोरून उठल्या नाहीत. निकाल बरा आला, पण दर सहा महिन्यांनी दाखवायचे आणि चिरूट आजपासून बंद, असे डॉक्टरांनी बजावले.

मामांनी तो त्याच दिवशी बंद केला. उरलेले सहा चिरूट डब्यासकट मला आणून दिले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. पण साडेसहाला ते सवयीने गच्चीवर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, तेव्हा म्हणाले, “चिरूट सुटला हो. पण तो तास घेऊन काय करायचे?”

मी दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन वर गेलो. मामांना मराठी फर्डे बोलता येते, पण वाचायचे म्हणजे अक्षर अक्षर लावावे लागते. आणि हे पुस्तक तर बोलल्यासारखेच लिहिलेले, कानासाठीच जणू. वर्गात मी वीस वर्षे मोठ्याने वाचत आलो आहे, पण तिथे डोळा घड्याळावर आणि मन उरलेल्या अभ्यासक्रमावर. इथे घंटा नाही आणि परीक्षाही नाही. साडेसहा ते साडेसात आम्ही दोघे बसतो. अलीकडे मामीही येऊन बसतात, आणि धूर नाही म्हणून आमच्या सौभाग्यवतीही.

ते सहा चिरूट माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. डबा उघडला की वास येतो. एकट्याने बसून ते ओढावेत, असे मला वाटत नाही.

परवा लक्ष्मीबाईंच्या एका वाक्यावर मामी हसू लागल्या. मी पुढचे वाक्य वाचायला तोंड उघडले, तोच मामांनी हात वर केला. थांबलो. वाक्य पुरते मुरले, हसणे ओसरले, मग त्यांनी हात खाली घेतला आणि मी पुढे वाचू लागलो.