विरलेल्या जागा

नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. कासोट्याचा भाग आधी जातो, कारण बसता-उठता सगळा ताण तिथं येतो. मग पायाशी घासणारा काठ. पदर मात्र वर्षानुवर्षं नेसूनही तजेलदार राहतो. सहावारीचं गणित वेगळं. फॉल लावल्यामुळे तिचा खालचा काठ वाचतो, पण बैठकीचा भाग विरतो आणि खांद्यावर रोज पिन टोचून टोचून बारीक जाळी पडते. शर्टाची कॉलर आणि बाह्यांची टोकं फाटतात तेव्हा पाठ धडधाकट असते. गोधडी शिवायला बसण्याआधी हे सगळं कापडावर ओळखता यावं लागतं. माझ्या मते या कामातलं निम्मं कसब तिथंच आहे. सुई नंतर येते.

हे मला कुठल्या शिवणवर्गात कळलं नाही, एका बोहारणीनं शिकवलं. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या या बायका मुंबई-पुण्यात बहुतेक वाघरी समाजातल्या. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं बोचकं, आणि दिवसभर पायपीट. आमच्या गल्लीत येणारी मावशी साडी हातात घेतली की आधी तिचा मधला भाग शोधायची, दोन्ही मुठींत हलकेच ताणायची आणि उजेडाकडं धरायची. भांडं कोणतं द्यायचं ते त्या क्षणी ठरायचं. एकदा मी विचारलं, "मावशी, काठ तर नव्यासारखा आहे, मग एवढंसं पातेलं का?" ती म्हणाली, "काठ शेवटी फाटतो ताई. साडी मधून मरते." तेव्हापासून कुठलंही जुनं कापड मी आधी खिडकीशी धरते. धड जागेतून उजेड सारखा येतो. विरलेल्या जागी तो ठिपक्याठिपक्यांनी फुटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, मी असं कापड उंच धरून उभी राहिले की विकणारे ओळखतात, हिला नेसायला नकोय.

काटकसर म्हणून मी जुनं कापड वापरते असं लोकांना वाटतं. तसं नाही. गोधडीसाठी जुन्या सुती कापडाइतकं चांगलं कापड मिळत नाही. नव्या कापडात खळ असते, ते पहिल्या धुण्यांत आटतं, रंग सोडतं, लाल तर हमखास सोडतं. अशी चार वेगवेगळी नवी कापडं एकत्र शिवली की प्रत्येक आपापल्या मापानं आटतं आणि गोधडी वाकडीतिकडी आवळते. शेकडो वेळा धुतलेलं लुगडं जेवढं आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं. त्याचा सुटा रंग कधीच वाहून गेलेला असतो. सूत मऊ पडलेलं असतं, म्हणून जाड थरांतूनही सुई अडखळत नाही. तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या साडीचं करतात त्यात माया आहेच, पण त्या कातडीला सोसेल असं कापड घरात तेवढंच असतं, हेही आहे.

ओळखीच्या एक काकू त्यांच्या आईची दोन लुगडी घेऊन आल्या होत्या. एक इरकली, लालभडक काठाचं. दुसरं रोजच्या वापरातलं हिरवं. पिशवी माझ्याकडं देताना त्या म्हणाल्या, "गोधडी कर गं, पण कात्री लावू नकोस." मी म्हटलं, "काकू, लुगड्याला कात्री लागतच नाही." नऊ वार म्हणजे 8.23 मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की एकेक थर दोन मीटरहून थोडा जास्त भरतो आणि लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या अंथरुणाला पुरतो. घडी उलटसुलट घालायची, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग लुगड्याची दोन टोकं वर आणि खाली येतात आणि मधला, सगळ्यात जास्त झिजलेला भाग आपोआप आतल्या दोन थरांत जातो. वर दिसतो तो पदर. मी पहिल्यांदा जमिनीवर घडी घालून हे पाहिलं तेव्हा खूप वेळ तशीच बसून राहिले. जिनं कुणी ही घडी पहिल्यांदा घातली तिनं लुगड्याच्या झिजेचा पूर्ण विचार केला होता. काकूंचं हिरवं लुगडं असं आत-बाहेर घडी घालून घेतलं, थरांच्या मध्ये एक जुनं धोतर सरकवलं. इरकलीचं पूर्ण वेगळं दुपटं झालं, त्यांच्या नातीसाठी.

थर अंथरताना चारी कोपऱ्यांवर वजन लागतं. मी पितळी तांबे ठेवते, वरवंटाही चालतो. तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत जायचं आणि मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्यायचे. हे कंटाळवाणं काम टाळलं तर शिवताना वरचं कापड पुढं सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा येतो, तो कशानंही जात नाही. पुढं सगळा धावदोरा. पाच-सहा थरांपर्यंत एका दमात तीन-चार टाके सुईवर घेता येतात. त्याहून जास्त थर झाले की एकेक टाका वरून खाली, खालून वर करावा लागतो आणि अंगुस्तान्याशिवाय बोट टिकत नाही. दोरा फार ओढायचा नाही. किंचित सैल राहिला की दोन ओळींमधल्या थरांत हवा धरून राहते, आणि थंडीत ऊब त्या हवेची असते. मशीनची शिवण ओळ सपाट दाबून टाकते. मशीनच्या गोधड्या वाईट नसतात, जास्त टिकतातही, पण अंगावर घेतल्यावर फरक कळतो.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतल्या सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात, तिला त्या कवंडी म्हणतात. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाट चढून त्यांच्यातले अनेक पूर्वज त्या जंगलांत आले. कवंडीला कोपऱ्यापासून सुरुवात होते. एकेक तुकडा दुमडून लावत, धावदोरा घालत कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत यायचं, आणि चारी कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवायच्या, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंडी त्यांच्या दृष्टीनं नागडी. अंथरूण म्हणून फुलांचा काहीही उपयोग नाही, आणि म्हणूनच मला त्या फार आवडतात. घरात उरलेल्या चिंध्यांतूनसुद्धा चार तुकडे निव्वळ शोभेसाठी बाजूला काढणारी बाई गरज भागवण्यापुरतं काम करत नसते.

माझ्या कात्री न लावण्याच्या हट्टाला उलटा जाणारा एक दाखला विनयपिटकात आहे. भिक्षूंनी सुरुवातीला टाकून दिलेल्या चिंध्यांची, पांसुकुलांची चीवरं वापरायची होती. पुढं मगधातली बांध घातलेली भातखाचरं पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं, अशी चीवरं करता येतील का. आणि आनंदानं तुकडे जोडून तशी चीवरं केली. आजही नवं कोरं कापड आणलं तरी ते आधी कापून, तुकडे जोडूनच चीवर शिवतात. कापलेल्या कापडाची किंमत उतरते, ते कुणाला हवंसं वाटत नाही. मी लुगडं अखंड ठेवते ते त्यातली माया राखायला. तिथं कापड कापतात ते त्याचा मोह सुटावा म्हणून. जोडायचा टाका मात्र दोन्हीकडं लागतो.

शाळेच्या प्रदर्शनांत टाकाऊतून टिकाऊच्या टेबलावर बाटल्या, सीड्या, आइस्क्रीमच्या काड्या सोनेरी रंगात बुडवून मांडलेल्या असतात. मुलांच्या हौसेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बाटली ओळखू येऊ नये इतकी झाकायची असेल तर ती कशाला घ्यायची? आणि ते शोपीस पंधरा दिवसांनी पुन्हा कचऱ्यात जातं, तेही रंग आणि डिंक चिकटल्यामुळे भंगारवाल्याच्याही कामाचं राहत नाही. सापडलेल्या वस्तूला तिच्या अंगचं काम द्यावं. मऊ झालेल्याला मऊपणाचं, मजबूत उरलेल्याला ओझ्याचं. म्हणून शर्टाच्या पाठी मी गोधडीत घालते आणि जीन्सचे पाय बाजाराच्या पिशव्यांना ठेवते.

जुन्या बाजारात एकदा जड वाकळ मिळाली. वरचं कापड उसवलं तर आत आणखी एक अख्खी गोधडी निघाली, वेगळ्या हातानं शिवलेली. वरचे टाके लांब आणि घाईचे, आतले तांदळाएवढे, एकसारखे. त्याच्याही आत घोंगड्याचा तुकडा. वरचं कापड विरलं की त्यावर नवं चढवायचं, पण आतलं मोडायचं नाही, अशी ही रीत. आतल्या बाईचे टाके उसवायला माझा हात धजला नाही. मी त्यावर तिसरं कापड चढवलं.

अलीकडं माझ्याकडं येणाऱ्या पिशव्यांत सूत कमी आणि पॉलिस्टर जास्त असतं. आमच्या आयांच्या पिढीनं इस्त्री नको, वाळायला वेळ नको म्हणून त्या साड्या आनंदानं घेतल्या, आणि त्यांचे कष्ट खरोखर वाचले. पण गोधडीत ते कापड घाम टिपत नाही, थरांमध्ये निसटतं, त्यात सुताची ऊब नसते. शंका आली की कडेचा एक धागा काढून जाळून बघते. सुताची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही खुणा दिसतात. जॉर्जेट, नायलॉन यांच्या मी लांब पट्ट्या कापते, तिपेडी वेण्या घालते आणि त्या गोल गुंडाळत शिवून पायपुसणी करते. ती कुजत नाहीत, लगेच वाळतात, न्हाणीघराच्या दारात वर्षानुवर्षं टिकतात. त्या कापडाला तेच काम शोभतं.

तेव्हा कुणाला जुन्या साड्या द्यायच्या असतील तर धुऊन, पण खळ न घालता द्या; खळीच्या कापडाला कसर लागते. विरलेल्या म्हणून लाजून बाजूला काढू नका, त्याही द्या, आत लागतात. आणि सुती फॉल असेल तर तो उसवू नका. गोधडीच्या कडेला पट्टी लावायला मला तोच लागतो.