गाळलेले कडवे

मारुंजीच्या नव्या घरी सामान लावताना वडिलांची ध्वनिमुद्रिकांची पेटी उघडली. वरच गजाननराव वाटवे यांची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. तेवढ्यात न मावणारी कडवी गाळावी लागत. मराठी भावगीताचा आटोपशीरपणा काही अंशी या मर्यादेनेच घडवला, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. वडिलांना मात्र ते मान्य नसावे. पाकिटावर त्यांनी गाळलेले कडवे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. गाणे संपल्यावर त्या खरखरीतच ते हे कडवे म्हणत, मग सुई उचलत. परवा तबकडी लावली. गाणे संपले. खरखर सुरू राहिली. कडवे समोर होते. मला ते म्हणवेना, आणि सुईही उचलवेना.