मान्य आहे

आमच्या नातवाची परवा सारी दौलत बुडाली. दौलत म्हणजे दोन तलवारी, एक चिलखत आणि एक पंखांचा घोडा. मोबाइलवरल्या खेळातली ही मिळकत त्याने वाढदिवसाच्या पाकिटांतले चौदाशे रुपये मोजून घेतली होती. एका सकाळी पाहतो तो खाते बंद! कारण काय, तर 'नियमभंग'. कोणता नियम मोडला, हे सांगण्याचे बंधन कंपनीवर नाही, असाही एक नियम होताच.

"पण आजोबा, मी विकत घेतलं होतं ना?"

मुलुंडच्या नवघर रस्त्यावरल्या आमच्या गॅलरीत चष्मा पुसून मी त्या खेळाच्या अटी वाचावयास बसलो. चहा झाला, दिवेलागण झाली, अटी काही संपेनात. एवढे उमगले, की घोडा विकलाच नव्हता. त्यावर बसण्याची तात्पुरती परवानगी दिली होती. ती केव्हाही काढून घेता येईल, पैसे परत मिळणार नाहीत, आणि भांडायचेच असेल तर सातासमुद्रापलीकडच्या लवादापुढे जावे! शेवटी 'मान्य आहे' असे बटण. ते कोणी दाबले होते? मीच. नातवाने माझा फोन पुढे धरला आणि मी अंगठा टेकवला. त्याने स्वतः दाबले असते तर गोष्ट वेगळी. अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्द, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवले आहे. येथे अज्ञान ठरलो तो मी.

शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, घाबरता कशाला? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' हा शब्दच आलाय. वाजवी कारणाशिवाय एकाच पक्षाला करार मोडता येत असेल, तर तो त्यात बसतो. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच तसं म्हटलंय. आणि तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते."

"मग करू या की!" नातू उसळला.

"मात्र अटच अनुचित ठरवून हवी असेल, तर जिल्हा आयोग चालत नाही. राज्य आयोगाकडे जावं लागतं."

चौदाशे रुपयांसाठी! चौदाशेपायी कोण एवढे हेलपाटे घालतो? माझ्या मते साऱ्या अटींची भिस्त या एका हिशेबावर आहे.

मला कंपनीचा राग यायला हवा होता. पण रात्री झोप लागेना ती निराळ्याच कारणाने. चौतीस वर्षे मी बँकेत कारकुनी केली. कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारायच्या आणि म्हणायचे, "इथे, इथे आणि इथे सही करा." भांडुपचे एक गिरणी कामगार एकदा अडखळले. "साहेब, यात काय लिहिलंय?" मागे रांग लागली होती. मी म्हटले, "नेहमीचंच आहे हो, काका." त्यांनी सही केली. पुढे व्याज वाढले, तेव्हा ते कागद घेऊन आले. मी त्यांना त्यांचीच सही दाखवली. ते काही बोलले नाहीत. घडी करून कागद खिशात घातला आणि गेले.

काल तक्रारीचा मसुदा तयार झाला. पैसे परत मागण्यापुरता तो जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. नातवाला मी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावयास लावला. घोड्याशी येऊन त्याचा आवाज जरा कापला. मग त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. सहीच्या जागी त्याने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.