धावणारे पाय, राबणारे हात

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगाव पेठ हे गाव लागते. वऱ्हाडातील अशा गावांच्या वाटांवर भल्या पहाटे तरुण मुले धावताना दिसतात. कोणास सैन्यात भरती व्हायचे असते, कोणास पोलीस दलात. कोणी केवळ प्रकृती निकोप राहावी म्हणून धावतो. तांबडे फुटते, अंगावरून घाम निथळतो आणि मुले आपापल्या घरी परततात. एवढ्या कष्टाने कमावलेली ही शक्ती खर्चावी तरी कोठे, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

त्याचे उत्तर याच रस्त्यावर सापडते. एकीकडे अमरावतीस गाडगेबाबांची समाधी आहे, तर दुसरीकडे मोझरीस तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम. बाबा गावात येत ते हाती खराटा घेऊनच. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाने लोकांची मने झाडावी, हा त्यांचा नेम २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत चालला. तुकडोजी महाराजांनीही ‘ग्रामगीते’त श्रमाची थोरवी सांगितली. अंगातील बळ गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, ही शिकवण या मातीस नवी नाही.

दूरच्या लंडन शहरातही २००९ साली काही धावपटूंना हाच विचार सुचला. बंद खोलीत लोखंडी वजने उचलण्यापेक्षा धावत एखाद्या गरजूकडे जावे, त्याचे काम करावे आणि धावतच परत यावे, असा त्यांनी परिपाठ पाडला. पुढे असे गट गावोगाव निघाले. एकाकी वृद्धांना मदत करणे, सार्वजनिक बागांतील रान काढणे अशी कामे ते हौसेने करतात.

आपल्या विदर्भातही, चंद्रपूर नगरीत, असेच एक मोठे काम झाले. योगायोग असा की, त्या नगरीच्या तटाची कथाही एका धावेपासूनच सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस गेला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागला! भित्र्या सशाने शिकारी कुत्र्यास पळविले, हे नवल राजाने राणीस सांगितले. ती म्हणाली, “या भूमीतच पराक्रम आहे. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने तट बांधावा.” ही आख्यायिका आहे, पण चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तट मात्र खरोखरच उभा राहिला.

तोफांपुढे टिकावे म्हणून बांधलेल्या अशा तटास एक बारीकसे बी जेरीस आणते. पक्ष्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. पावसाने ते रुजते, मुळे चुन्यात शिरतात, फुगतात आणि दगड एकमेकांपासून दूर लोटतात. त्या फटींतून पाणी झिरपते आणि एखाद्या पावसाळ्यात भिंतीचा भाग ढासळतो. चंद्रपूरचा तटही असाच झुडुपांनी आणि केरकचऱ्याने वेढला गेला होता. ज्या वाटेवरून पूर्वी पहारेकरी फिरत, तेथे पाऊल ठेवणे कठीण झाले होते.

बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी १ मार्च २०१७ रोजी हे काम हाती घेतले. मार्च म्हणजे चंद्रपुरात उन्हाळ्याचा आरंभ. तेथील पारा वैशाखात ४५ अंशांच्याही वर जातो. तरीही कुदळ, फावडे आणि कोयते घेऊन ही मंडळी सकाळी तटावर जमत राहिली. अशा संरक्षित वास्तूचा एक दगडही मनास येईल तसा हलविता येत नाही. मूळ ओढताना दगड निखळण्याचे भय असते. म्हणून हे काम जितके बळाचे, तितकेच जपणुकीचे होते. शिवाय एक दिवस सफाई करून भागत नाही. पिंपळ थकत नाही. तो पुन्हा फुटतो. म्हणून माणसानेही थकून चालत नाही. हे श्रमदान सलग दोनशे दिवस चालले, तरी थांबले नाही. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा गौरव केला. पुढे मोकळ्या झालेल्या तटावरून नागरिकांना हिंडवून नगरीचा इतिहास सांगण्याचा उपक्रमही सुरू झाला.

ज्या तटाखालून लोक रोज मान वर न करता जात, त्याचा दगड न् दगड या स्वयंसेवकांच्या ओळखीचा झाला. पूर्वजांचा अभिमान शब्दांनी सांगणे सोपे असते. परंतु ज्याच्या हातास त्यांच्या भिंतीवरची माती लागते, त्याला ती भिंत आपली वाटू लागते.

उद्याही वऱ्हाडातील वाटांवर मुले धावतील. त्यांच्या गावी तट नसेल. परंतु एखादी गाळाने भरलेली बारव, रान माजलेली गढी किंवा जुन्या शाळेचे उजाड आवार असेलच. वडीलधाऱ्यांना विचारून आणि संमती घेऊन त्यांची धाव आठवड्यातून एकदा तेथवर गेली, तर पायांनी कमावलेले बळ हातांच्या कामी येईल.