जळक्या खोबऱ्याचं सालन

बजाजनगरात आमच्या गल्लीत स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. कुणाकडे काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. पहाटे पहिल्या पाळीचे डबे भरायची घाई सुरू झाली की नुसत्या फोडणीच्या वासावरून माणसाचा मुलूख कळतो. लातूरकडच्या वहिनींचा काळा मसाला, जळगाववाल्यांचं शेंगदाण्याचं कूट, वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणाऱ्या बिहारी मुलांचं मोहरीचं तेल. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर कंपन्या आल्या, आणि कारखान्याचंच नाव घेऊन ही कामगारांची वस्ती वाढत गेली. इथे मुळातला असा कुणीच नाही. मीही शहागंजच्या मागच्या गल्लीतून लग्न होऊन इथे आले. नान-खलियाचा वास सोडून आले, असं अम्मी म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका जुम्याच्या दुपारी त्याच खिडकीतून लातूरच्या वहिनी ओरडल्या, "भाभी, गॅसवर काही राहिलंय का तुमचं? करपलं बघा!" मी म्हटलं, "राहिलं नाही, मुद्दाम जाळतेय." त्या पदर खोचून थेट दारातच आल्या.

चिमट्यात खोबऱ्याची वाटी धरून मी उभी होते आणि वाटी पेटली होती. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते मशालीसारखं जळतं. मागे खुर्चीवर भाईजान बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "अजून. अजून काळं होऊ दे."

भाईजान अकरा वर्षं सौदीत होते, दम्मामला, बांधकामावर. एका खोलीत सहा जण. त्यांच्या वरच्या पलंगावर फिलिपाइन्सचा एक मुलगा होता, सुलू बेटांवरचा. पहिल्या दिवशी त्याने गाव विचारलं. भाईजान म्हणाले, बजाजनगर. तो हसायलाच लागला, म्हणाला, "बजाज? माझ्या चुलत्याकडे आहे!" त्यांच्याकडे मोटारसायकलला शेजारी डबा जोडून रिक्षा करतात, तिला ट्रायसिकल म्हणतात. बजाजच्या मोटारसायकली त्या कामाला खूप चालतात. आपल्या वस्तीचं नाव समुद्रापलीकडच्या एखाद्या बेटावर रस्त्याने फिरत असेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

फिलिपाइन्स म्हटलं की आपल्याला नर्सेस आणि चर्च आठवतात. बहुतेक लोक ख्रिस्ती आहेतच. २०२० च्या जनगणनेत मुसलमान शंभरात सहाच्या थोडे वर भरले. पण दक्षिणेकडे, मिंडानाओ आणि बोर्निओच्या मध्ये पसरलेल्या सुलूच्या बेटांवर इस्लाम आधी पोहोचला, व्यापाऱ्यांच्या आणि सुफींच्या गलबतांतून. मॅगेलन स्पेनचं निशाण घेऊन आला तो १५२१ मध्ये. त्याच्या आधीच सुलूला सुलतान होता. सिमुनुल बेटावरची शेख करीम मखदूम यांची मशीद परंपरेने १३८० ची समजतात. भाईजानचा सोबती तिथल्या ताऊसुग जमातीचा. त्याची सूर-ए-यासीन भाईजानपेक्षा चांगली पाठ होती. हे भाईजान स्वतः सांगतात, आणि आमचे भाईजान सहसा कुणाला मोठेपणा देत नाहीत.

सातव्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. रात्री फोन गेला. सुट्टी मिळाली नाही, पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. इथे दुसऱ्या दिवशी जोहरनंतर जनाजा उठला आणि तिथे भाईजान पाचव्या मजल्यावर सळया बांधत होते. संध्याकाळी खोलीवर परतले तर त्या मुलाने पातेलंभर काळं सालन करून ठेवलं होतं. सगळ्या खोलीने जेवण होईपर्यंत एक शब्द बोलला नाही, एवढंच भाईजाननी आम्हाला सांगितलं. त्यापुढचं कधी सांगितलं नाही.

आता ते परत आले आहेत. वाळूजमध्येच ठेकेदाराकडे काम धरलंय, अम्मीला घेऊन मागच्या गल्लीत राहतात. बोलणं मुळातच कमी होतं, ते आणखी कमी झालं. त्या दिवशी आपणहून म्हणाले, "ते काळं सालन करशील का?" त्यांच्या घरी भाभींनी आधीच सांगून टाकलं होतं की माझ्या कढईत कोळसा चालणार नाही.

ह्या सालनाचं नाव तियुला इतुम. इतुम म्हणजे काळं, तियुला म्हणजे रस्सा. मनिलाकडे कोंबडीच्या पातळ रश्शाला तिनोला म्हणतात. दोन्ही नावं एकाच घरची. तिनोलात आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला पडतो. त्यांचा थोर लेखक होसे रिसाल याच्या १८८७ च्या 'नोली मे तांगेरे' कादंबरीत जेवणाचा एक प्रसंग आहे: गुर्मीतल्या पाद्र्याच्या वाट्याला तिनोलातली मान आणि पंख येतो, आणि त्याचा तिळपापड होतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत व्याह्याला मानेचा तुकडा गेला तर काय होतं, ते आठवा!

सुलूकडचं तियुला इतुम मात्र ईद आणि लग्नाचं, आणि रिवाजाने मोठ्याचं किंवा बकऱ्याचं. ओलं खोबरं विस्तवावर कोळसा होईपर्यंत भाजायचं, वाटायचं, त्यात हळद, आलं, गवती चहा आणि कुलिंजन. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. गवती चहा माझ्या गॅलरीतल्या डब्यात. हळद आपल्या वसमतची. कुलिंजन म्हणजे आपल्या पोटलीच्या मसाल्यातली पान की जड़, निहारीत पडते ती! अख्खं सामान घरात होतं. नव्हती फक्त खोबरं जाळायची हिंमत. आपणही खोबरं भाजतो, पण बदामी झालं की उतरवतो. त्यापुढे गेलं की सासू म्हणते, सालन वाया गेलं.

मी माझ्या सोयीने बदल केले, ते सांगते. मटणाऐवजी एक किलो गावरान कोंबडी. ब्रॉयलर घेऊ नका, त्याचा लगदा होतो. ओल्या नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. ती आतपर्यंत काळी व्हायला हवी, पण करडी राख धरायच्या आत विझवायची, कारण कडूपणा राखेत असतो. पहिल्या वेळी मी हेच चुकले आणि अख्खी वाटी फेकली. जाळताना खिडकी उघडी आणि ओढणी लांब ठेवा. गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवलं की तेल सुटून काजळासारखं वाटण होतं. ते मीठ, हळद, आलं-लसणासोबत कोंबडीला चोळून अर्धा तास ठेवायचं. मग थोड्या तेलात कांदा, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, गवती चहाची गाठ मारलेली जुडी, बोटाच्या पेराएवढी पान की जड़. कोंबडी परतून चार पेले गरम पाणी, आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, लाल तिखट नाही. हात शिवशिवतात, पण आवरायचे. झाकण उघडल्यावर मूठभर शेवग्याचा पाला टाकला. तो तिनोलातला, माझी भर. सुलूच्या माणसाला पटेल की नाही, अल्लाह जाणे.

रस्सा पातळ, काळा, वर हिरवट तेलाचे ठिपके. दिसायला भीतीदायक. चव मात्र धुराची, आल्याची, आणि मागून खोबऱ्याची गोडी. तिकडे भातासोबत खातात. आम्ही ज्वारीची भाकरी कुस्करली. माझ्या मुलीने फोटो काढला आणि खायला नकार दिला. लातूरच्या वहिनींनी वाटीभर नेलं. त्यांच्याकडे रस्सा काळा असण्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

भाईजाननी पहिला घास घेतला आणि थांबले. म्हणाले, "त्याचं ह्याहून काळं होतं." मग खाली मान घालून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अम्मी दस्तरखानाच्या टोकाला बसली होती. दात नाहीत, म्हणून तिला रश्शात भिजवलेली भाकरी दिली होती. ती बराच वेळ चाखत राहिली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तू हे खाल्लंस?"

"हो, अम्मी."

"पोटभर?"

"त्याने उठू दिलं नाही."

अम्मीने त्या मुलाच्या आईचं नाव विचारलं. भाईजानना ठाऊक नव्हतं. "मग फोन लावून विचार," ती म्हणाली, आणि वाटी माझ्यापुढे केली. "अजून थोडं वाढ. पाला नको."